मधुमेहाच्या तपासणीत हिरड्या कुठे?

मधुमेहाचे निदान झाले की डॉक्टर काही तपासण्या आवर्जून सांगतात. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, लघवीतून प्रथिने जातात का ते बघा, पायांना बधिरपणा आला आहे का ते दाखवा, हृदयाचा आलेख काढा. या यादीत हिरड्या बहुधा नसतात. हॅराल्ड लो या नॉर्वेजियन दंतशास्त्रज्ञांनी १९९३ सालीच हिरड्यांच्या गंभीर आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले होते. डोळे, मूत्रपिंडे, चेतातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि जखमा न भरणे या पाच गुंतागुंतींच्या शेजारी त्यांनी तोंडालाही जागा मागितली. त्याला तीस वर्षे उलटून गेली. आपल्याकडच्या रोजच्या वैद्यकीय व्यवहारात ती जागा अजून मिळालेली नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मुखआरोग्य अहवालाने जगभरातल्या गंभीर हिरडीरोगाच्या रुग्णांचा आकडा १०० कोटींहून अधिक दिला आहे. हे दोन्ही आजार एकाच माणसाला होणे हा योगायोग नसतो, कारण एक दुसऱ्याला वाढवतो. असे असताना एकासाठी एका दवाखान्यात जायचे, दुसऱ्यासाठी जमले तर दुसऱ्या दवाखान्यात, आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकमेकांना काहीच कळवायचे नाही, अशी आपली रीत आहे. ती बदलली पाहिजे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही की नवी योजनाही लागत नाही.

आधी आजार समजून घेऊ. दातांवर जंतूंचा एक चिकट थर सतत बसत असतो. तो रोज नीट निघाला नाही, तर लाळेतले क्षार साठून टणक होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. त्यामुळे हिरडीची कड लाल होते, सुजते आणि ब्रश लागला की रक्त येते. इथपर्यंतचा आजार पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष झाले तर काही जणांत सूज खोल उतरते. हिरडी दातापासून सुटते, दोघांमध्ये खिसा तयार होतो, आणि जिथे हवा पोचत नाही अशा त्या जागेत अधिक घातक जंतू वस्ती करतात. दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. लोक याला पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. उपचारांनी आजार थांबवता येतो, पण गेलेले बहुतेक गेलेलेच राहते. यातली सर्वांत घातक गोष्ट ही की हा आजार दुखत नाही. किडलेला दात रात्रभर जागवतो, म्हणून माणूस सकाळी डॉक्टरकडे धावतो. हिरडी मात्र वर्षानुवर्षे न दुखता झिजत राहते. दात हलू लागल्यावर माणूस पहिल्यांदा दवाखान्यात येतो, तोवर बरेच हाड गेलेले असते.

याच लो यांचे दोन अभ्यास दंतवैद्यकात पायाभूत मानले जातात. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस येथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर काही दिवसांत पूर्ववत झाल्या. सुरुवातीची सूज किती लवकर येते आणि किती सहज जाते, हे त्यातून कळले. दुसरा अभ्यास श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांचा. १९७० पासून पंधरा वर्षे त्यांच्या तोंडांची पाहणी झाली. हे मजूर ब्रश वापरत नव्हते, दंतवैद्य त्यांना कधी मिळालेला नव्हता, सगळ्यांच्या दातांवर किटणाचे थर होते आणि सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी आठ टक्के जणांचा आजार वेगाने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा हिरड्यांच्या सुजेच्या पुढे गेलाच नाही. किटण सारखेच असूनही परिणाम इतके वेगळे झाले. तेव्हा हा आजार नुसत्या अस्वच्छतेचा नाही. जंतूंना शरीर कसे उत्तर देते यावर त्याची चाल ठरते, आणि ते उत्तर बिघडवणाऱ्या गोष्टींत मधुमेह आणि तंबाखू सर्वांत पुढे आहेत.

तोंडातला आजार तोंडापुरता का राहत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. खिशांचे आतले अस्तर जखमी असते. घास चावताना, दात घासताना त्यातून जंतू थोड्या थोड्या प्रमाणात रक्तात शिरतात. निरोगी शरीर त्यांना लगेच निपटते. पण जखम रोजचीच असेल तर शरीराला रोज लढावे लागते. सूज दाखवणारी सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनसारखी द्रव्ये अशा रुग्णांच्या रक्तात वाढलेली आढळतात. शरीरात अशी कायमची सूज असली की इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. वाढलेल्या साखरेने जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते आणि हिरड्या आणखी बिघडतात. दोन्ही आजार असे एकमेकांना वाढवत राहतात.

हिरड्यांवर उपचार केल्यास साखर खाली येते का, याची तपासणी अनेक चाचण्यांतून झाली आहे. २०२२ साली कॉक्रेन संस्थेने अशा पस्तीस चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. हिरड्यांची खोलवर सफाई केलेल्या मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सीचा आकडा, तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ ने खाली आला होता. ज्याचा आकडा ८.५ आहे त्याचा तो ८.१ च्या आसपास आला, असा याचा अर्थ. लंडनमध्ये २६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कसून उपचार केलेल्यांचा आकडा वर्षभराने इतरांपेक्षा ०.६ ने कमी होता. सगळ्या चाचण्या मात्र एकाच बाजूने बोलत नाहीत. अमेरिकेत ५१४ रुग्णांवर झालेल्या २०१३ च्या चाचणीत साखरेत फरक पडला नव्हता. त्या चाचणीत हिरड्यांची सूजच पुरेशी उतरली नव्हती, असा आक्षेप अनेक तज्ज्ञांनी घेतला. एकूण पुरावा पाहता, हिरड्यांचा उपचार हा मधुमेहाच्या उपचाराचा भाग मानावा एवढे बळ त्यात नक्की आहे.

हृदयाबद्दल बोलताना जपून बोलले पाहिजे. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९८९ साली हृदयविकाराचा झटका आलेल्यांची तोंडे इतरांपेक्षा वाईट स्थितीत असल्याचे दाखवले आणि या विषयाला वेग आला. १९९३ साली अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणातल्या ९,७६० लोकांच्या माहितीवरून हिरडीरोग असलेल्यांत हृदयविकाराचा धोका २५ टक्क्यांनी जास्त दिसला. त्याच सर्वेक्षणाची माहिती २००० साली दुसऱ्या संशोधकांनी धूम्रपानासारख्या कारणांचा अधिक कसून हिशेब धरून तपासली, तेव्हा ठाम संबंध हाती लागला नाही. तंबाखू हिरड्या बिघडवते आणि हृदयही बिघडवते. गरिबीत दोन्हींची आबाळ होते. म्हणून दोन आजार एकत्र दिसले एवढ्यावरून एकाने दुसरा झाला असे म्हणता येत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हिरड्यांवर कसून उपचार केलेल्यांच्या रक्तवाहिन्यांचे काम सहा महिन्यांनी सुधारलेले दिसले, ही आशादायक गोष्ट आहे. पण २०१२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळा पुरावा पाहून दिलेला निवाडा संयमाचा होता. संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध नाही, आणि हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकार टळतो असे म्हणता येणार नाही.

आयुर्मानाचा प्रश्न याच कसोटीवर घासला पाहिजे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधल्या पिमा या आदिवासी समाजात मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. तिथल्या पस्तीस वर्षांवरील ६२८ मधुमेहींचा दीर्घकाळ मागोवा घेणारा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. हिरड्यांचा आजार गंभीर असलेल्यांत हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण इतरांच्या ३.२ पट होते. वय, धूम्रपान, साखर यांचा हिशेब धरल्यावरचा हा आकडा आहे. मधुमेह्याच्या बिघडलेल्या हिरड्या ही पुढच्या धोक्याची खूण आहे, हे सांगायला तो पुरेसा आहे. हिरड्या बऱ्या केल्या की आयुष्य इतक्या वर्षांनी वाढेल, असे वचन मात्र त्यातून देता येत नाही.

हा संयम सोडल्यावर काय होते, हे वैद्यकाने एकदा पाहिले आहे. विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात केलेल्या भाषणात अस्वच्छ तोंड हे अनेक आजारांचे मूळ असल्याचे मांडले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशावरही उपाय म्हणून लाखो चांगले दात उपटले गेले. अमेरिकेतल्या ट्रेंटन येथील मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी रुग्णांचे दात तर काढलेच, पुढे टॉन्सिल आणि आतड्याचे भागही काढले. त्या शस्त्रक्रियांत अनेक रुग्ण दगावले. अलीकडचे अनुभवही सावध करणारे आहेत. हिरडीरोग असलेल्या गर्भवतींची अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे जास्त होतात असे दिसले होते, पण गरोदरपणात हिरड्यांवर उपचार करूनही ती कमी झाली नाहीत, हे २००६ सालच्या मोठ्या चाचणीने दाखवले. हिरड्यांतला जंतू अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत सापडल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले, पण त्या जंतूच्या विषारी द्रव्यांवर बेतलेले औषध २०२१ मध्ये मुख्य कसोटीला उतरले नाही. तेव्हा चूळ भरायच्या औषधाने हृदयविकार टळेल, अमुक टूथपेस्टने स्मरणशक्ती टिकेल, असले दावे करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

वाढवून न सांगताही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जपानमधल्या अकरा वृद्धाश्रमांत काही जणांचे तोंड परिचारिका आणि काळजीवाहू रोज जेवणानंतर स्वच्छ करत, तर बाकीच्यांची काळजी नेहमीसारखीच घेतली गेली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन वर्षांत नेहमीच्या काळजीवर असलेल्यांपैकी १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, तर तोंड स्वच्छ ठेवलेल्यांपैकी ११ टक्क्यांना. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या फुप्फुसात त्याच्याच तोंडातले जंतू उतरतात. घरी आजी-आजोबा झोपून असतील तर त्यांना अंघोळ घालणारे, औषध देणारे हात असतात, पण त्यांच्या दातांवरून, जिभेवरून, कवळीवरून ब्रश फिरवायचे राहून जाते. एका ब्रशने आणि पाच मिनिटांनी न्यूमोनियाचा धोका कमी होत असेल, तर ते काम आजपासून सुरू व्हायला हवे.

जपाननेच १९८९ साली एक मोहीम सुरू केली. ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे वीस दात असावेत हे तिचे उद्दिष्ट होते आणि त्यावरूनच ती ८०२० या नावाने ओळखली जाते. सुरुवातीला दहातला जेमतेम एक ज्येष्ठ त्या कसोटीला उतरत होता. २०१६ च्या पाहणीत ऐंशीच्या आसपासचे निम्म्याहून अधिक लोक उतरले. म्हातारपण आले की दात पडायचेच, हा नियम नाही हे एका संपूर्ण देशाने दाखवून दिले. आपल्याकडे दात गेले की बाजरीची भाकरी जाते, काकडी-गाजर जाते, शेंगदाणे आणि मोडाची उसळ जाते. चहात बुडवलेले बिस्किट, पाव आणि मऊ भात उरतो. प्रथिने आणि तंतू कमी होतात, साखर आणि मैदा वाढतो. मधुमेही ज्येष्ठाला आहारतज्ज्ञ सांगतात तो आहार चावण्याइतके दात त्याच्या तोंडात आहेत का, हेही विचारले पाहिजे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला तंबाखूची धार आहे. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री, कुणाची मशेरी, खेड्यापाड्यांतल्या बायका दातांना लावत आल्या. दात घासण्याच्या नावाने सुरू झालेली गोष्ट दिवसातून चार-पाच वेळांचे व्यसन होते. केंद्र सरकारने १९९२ साली तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर बंदी घातली. घरच्या तव्यावर ती बंदी पोचत नाही. तिथे आशाताई, अंगणवाडीताई आणि घरातल्या शिकलेल्या मुलीच पोचू शकतात. तंबाखूची आणखी एक फसवणूक लक्षात ठेवावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. निकोटिनने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतले हाड झिजत असताना हिरडी वरून फिकट, शांत दिसते. रक्त येत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असा समज त्यांनी करून घेऊ नये.

समजांची यादी तंबाखूपुरती नाही. दात साफ करून घेतले की ते ढिले होतात आणि फटी पडतात, असे सुशिक्षित घरांतही ऐकू येते. दात आजाराने आधीच ढिले झालेले असतात. किटणाच्या थराने ते जागी धरल्यासारखे वाटत होते आणि थर निघाल्यावर खरी स्थिती उघडी पडते, एवढेच. वरचा दात काढला की डोळे अधू होतात, हीही भीती निराधार आहे. रक्त येते म्हणून ब्रश बंद करणे ही तर उलटी वाट. सुजेने येणारे रक्त नीट साफसफाई केल्यावरच थांबते. थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवायचे.

व्यवस्थेच्या चुकाही तितक्याच मोठ्या आहेत. आरोग्य विम्यात दातांचे उपचार, अपघाताचा अपवाद सोडला तर, बहुधा बसत नाहीत. दंतवैद्य शहरांत दाटीने आणि गावांत विरळ आहेत. खेड्यात त्यांची ओळख अजूनही दात काढणारा डॉक्टर एवढीच आहे. राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत नेमून स्वच्छ मुख अभियान हाती घेतले. प्रसिद्ध चेहऱ्याने विषय घराघरांत जातो, हे चांगलेच झाले. पण आजार सापडायचा तर कुणीतरी तोंड उघडायला लावून आत बघावे लागते.

आणि ते बघणे आपल्याकडे सुरू झालेले आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी करायची, असा राष्ट्रीय कार्यक्रम उपकेंद्रांपर्यंत पोचला आहे. त्यात आरोग्यसेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी विजेरी घेऊन तोंडात चट्टा, गाठ, न भरणारी जखम शोधतात. त्याच बैठकीत त्याच माणसाच्या बोटातून साखर तपासली जाते. विजेरीचा तोच झोत हिरड्यांवर टाकायला किती वेळ लागतो? दात घासताना रक्त येते का, एखादा दात हलतो का, दातांतल्या फटी वाढल्या आहेत का, तोंडाला सतत वास येतो का, हे चार प्रश्न त्या अर्जात घालावेत. साखर वाढलेली आणि हिरड्या सुजलेल्या असा माणूस दिसला की त्याला ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याकडे पाठवण्याची चिठ्ठी द्यावी, आणि त्या रुग्णालयात हिरड्यांची खोल सफाई करण्याचे यंत्र चालू स्थितीत असावे. उलट बाजूनेही हेच व्हावे. तरुण वयात हिरड्या झपाट्याने बिघडलेला रुग्ण आला तर दंतवैद्याने त्याची साखर तपासायला सांगावी. मधुमेहाचे निदान कितीतरी जणांना उशिरा होते. त्यातल्या काहींना ते दाताच्या खुर्चीत वेळेवर कळू शकेल.

वाचकांना सांगायचे ते थोडक्यात असे. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने, हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या कडेवर लक्ष ठेवून, दोन मिनिटे दात घासा. दोन दातांमधली जागा ब्रशने साफ होत नाही, तिथे धागा किंवा बारीक फटींचा ब्रश वापरा. राखुंडी आणि मिश्री बंद करा. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या वाढतात. तसे दिसले तर गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधे चालू असतील, तर दंतवैद्याला आधीच सांगा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी हिरड्या दाखवा आणि पुढच्या भेटीत आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांना सरळ विचारा: डोळे पाहिलेत, पाय पाहिलेत, माझ्या हिरड्या कोण पाहणार? हा प्रश्न पुरेशा रुग्णांनी विचारला, तर तपासणीच्या यादीत हिरड्यांची ओळ घालायला कुठल्याही मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.